मच-मेनी, फ्यू-लिटल पाठ करूनही परत परत चुकायलंय? मग हे करून बघा

प्रॉब्लेम असाय की नियम सगळ्यांना पाठ आहे. मोजता येतं त्याला मेनी, मोजता येत नाही त्याला मच, हे आठवीच्या लेकराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतंय, आणि तेच लेकरू पाच मिनिटांनी वहीत 'मेनी होमवर्क्स' लिहितंय. मी लातूरला इंग्रजीचा क्लास घेतो, सकाळी शाळेतली लेकरं आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेवाली, आणि दोन्ही बॅचला हा एकच आजार आहे. आज दुरुस्त केला की आठ दिवसांनी परत हजर. लई वर्षं मी पण तेच करायचो, नियम परत सांगायचा, वीस वाक्यं लिहून घ्यायची, लेकरं वीसच्या वीस बरोबर लिहायची आणि बोलायला लागली की परत जिथल्या तिथं.

मग मागच्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली आणि मी हे सगळं मुळापासून बघायला लागलो. रेणापूरकडची एक पोरगी, बी.कॉम. झालेली, अकाउंटच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेली. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, तिला बऱ्यापैकी येतंय, एका आडतीवर सहा महिने तिनंच बिलं केलेली. तिथं विचारलं, टॅली येतं का. तिला म्हणायचं होतं की थोडंफार येतं सर, बाकीचं शिकून घेईन. ती म्हणली, 'आय हॅव लिटल नॉलेज ऑफ टॅली.' समोरच्यांनी मान हलवली आणि दुसऱ्याच विषयावर गेले. काय बिघडलं हे तिला बाहेर आल्यावरही कळलं नाही. संध्याकाळी फोनवर तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला, कारण तिनं इंग्रजीत सांगितलं होतं की मला टॅली जवळजवळ येतच नाही. 'लिटल'च्या आधी एक 'अ' राहिला होता, तेवढाच.

त्या 'अ'कडं खाली सविस्तर येतो. आधी मूळ कुठंय ते बघू, कारण मूळ न बघता नुसता नियम घोकला तर हे परत येणारच.

मूळ आपल्या 'किती'त आहे

मराठीत 'किती' एकच शब्द आहे. किती पाणी, किती लेकरं, किती तूर, किती पोती, सगळीकडं किती. तसंच 'खूप', 'लई', 'भरपूर', 'कमी'. 'थोडा थोडी थोडं थोडे' बदलतंय खरं पण ते नामाच्या लिंगावचनानुसार बदलतंय, मोजता येतं की नाही त्याच्यावरून वेगळा शब्द घ्यावा लागत नाही. म्हणजे बोलायच्या आधी थांबून 'हे मोजायचं आहे की मापायचं आहे' असा विचार करायची सवय आपल्या जिभेला कधी लागलेलीच नाही. आणि इंग्रजीत तो विचार प्रत्येक वाक्यात करावा लागतो, हाऊ मच की हाऊ मेनी, लिटल की फ्यू, लेस की फ्यूअर, अमाउंट की नंबर.

एवढंच असतं तरी सवयीनं जमलं असतं. खरी गडबड पुढं आहे. लेकराच्या डोक्यात आधी मराठी वाक्य तयार होतंय, 'माझ्याकडं खूप पैसे आहेत', आणि मच की मेनी ठरवताना ते 'पैसे' या मराठी शब्दाकडं बघतंय. पैसे अनेकवचनी, 'पैसे आहेत', मग मेनी. झालं, 'आय हॅव मेनी मनी', जास्त हुशार असलं तर 'मेनी मनीज'. नियम त्यानं बरोबरच लावला, फक्त भलत्या भाषेतल्या नामाला लावला.

मी वह्या घेऊन बसलो आणि कुठल्या शब्दांवर सगळ्यात जास्त चुका होतात ते शोधलं तर एक मजेशीर गोष्ट दिसली. 'ज्वारी'वर कुणी चुकत नाही, 'गहू' आणि 'तांदूळ'वर मात्र निम्मा वर्ग चुकतोय. कारण आपण 'ज्वारी निवडली' म्हणतो पण 'गहू निवडले', 'तांदूळ धुतले' म्हणतो. मराठीत गहू-तांदूळ अनेकवचनात चालतात, इंग्रजीत 'व्हीट' आणि 'राइस' दोन्ही न मोजायचे शब्द. म्हणून लेकरू 'मेनी राइस' लिहितंय. तसंच केस. आपण म्हणतो 'तिचे केस लांब आहेत', इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर' एकवचनी, 'हर हेअर इज लाँग'. जेवताना ताटात एक केस सापडला तर मात्र 'अ हेअर', तिथं एकेकटा मोजायचा. बातम्या, 'टू न्यूज' होत नाही. सल्ले, 'मेनी अॅडव्हाइसेस' होत नाही. भाकरी, तीन भाकरी आपण रोज म्हणतो पण 'थ्री ब्रेड्स' चालत नाही, स्लाइस किंवा लोफ मोजायचा. (भाकरीला ब्रेड म्हणूच नका असं माझं मत आहे, 'थ्री भाकरीज' म्हणा, सरळ मोजता येतं आणि शब्दही आपला राहतो.)

उलट 'माहिती' मराठीतही मोजत नाहीत, 'दोन माहित्या' कुणी म्हणत नाही, तरी लेकरं 'इन्फर्मेशन्स' लिहितात. ते मला वाटतं निव्वळ ऐकून ऐकून बसलेलं आहे. आपल्याकडं नोटिशीत, पत्रात, दुकानाच्या बोर्डावर 'फर्निचर्स', 'लगेजेस', 'स्टेशनरीज' सर्रास दिसतं. त्यामुळं लेकरांना दोष देऊन उपयोग नाही.

पहिला इलाज: वस्तू नाही, शब्द मोजायचा

'सर पैसे मोजता येत नाहीत का, आमचे बाबा तर बोट ओलं करून मोजतात.' हा प्रश्न मला दरवर्षी येतोय आणि तो अगदी रास्त आहे. आपण शिकवतानाच चूक करतो. 'मोजता येतं का' असं विचारलं की लेकरू वस्तूचा विचार करतंय. विचारायचं असं की इंग्रजीत त्या शब्दाच्या आधी 'वन, टू, थ्री' लागतंय का. वन मनी, टू मनी, नाही लागत. वन रुपी, टू रुपीज, लागतंय. वन नोट, टू नोट्स, लागतंय. बाबा मोजतात त्या नोटा आणि रुपये, 'मनी' हे त्या सगळ्याचं मिळून नाव आहे. फर्निचरचं तसंच. खुर्ची मोजता येते, टेबल मोजता येतं, कपाट मोजता येतं, पण 'टू फर्निचर' म्हणता येत नाही. ते सगळ्या ढिगाचं नाव आहे. लगेज, इक्विपमेंट, मशिनरी, ज्वेलरी, ट्रॅफिक, होमवर्क ही सगळी ढिगाची नावं. ढिगाला मच, ढिगातल्या एकेका वस्तूला मेनी. बॅग मोजा, लगेज मोजू नका. गाड्या मोजा, ट्रॅफिक मोजू नका.

ही 'ढीग' कल्पना आमच्या लेकरांना एकदम कळते कारण खळं बघितलेलं असतं. सोयाबीनचा ढीग पडलाय, तो कसा मोजणार? पोत्यात भरणार आणि पोती मोजणार, नाहीतर काट्यावर टाकून क्विंटल मोजणार. इंग्रजी अगदी हेच करतंय. ढिगाला 'हाऊ मच', पोत्याला 'हाऊ मेनी सॅक्स', क्विंटलला 'हाऊ मेनी क्विंटल्स'. माप मधे आलं की मेनी. आणि ज्याला पोतं नाही त्याला इंग्रजीनं दुसरी मापं दिलीत, अॅडव्हाइसला पीस, न्यूजला पण पीस किंवा आयटम, सोपला बार, पेपरला शीट, राइसच्या एका दाण्याला ग्रेन. 'टू पीसेस ऑफ अॅडव्हाइस' हे पहिल्यांदा ऐकायला विचित्र वाटतं, सल्ल्याचे तुकडे केल्यासारखं, पण तुकडा म्हणून ऐकू नका, माप म्हणून ऐका.

लातूरच्या लेकरांना मी नेहमी पाण्याच्या रेल्वेचं उदाहरण देतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीला 10 टँकरचे डबे, एका डब्यात साधारण 50 हजार लिटर, म्हणजे सगळं मिळून 5 लाख लिटरच्या आसपास. आज दहावीत असलेली लेकरं तेव्हा अगदी लहान होती, पण घरात घागरी, ड्रम, टँकरच्या रांगा याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्यात. तर त्याच एका घटनेवर तीन प्रश्न करा. किती पाणी आलं, 'हाऊ मच वॉटर'. किती डबे आले, 'हाऊ मेनी वॅगन्स'. किती लिटर पाणी आलं, इथं लेकरू गडबडतंय कारण पाणी शब्द दिसतोय, पण 'किती'ला चिकटलेला शब्द लिटर आहे, म्हणून 'हाऊ मेनी लिटर्स ऑफ वॉटर'. 'किती'च्या लगेच पुढं इंग्रजीत कुठला शब्द येणार, फक्त तो बघायचा, लांबचा नाही. नुसत्या या एका गोष्टीनं निम्म्या चुका गेल्या, हे मी वह्या बघून सांगायलोय.

इलाज कुठं फसतो तेही सांगतो

'टू' लावून बघायची टेस्ट मराठीत करायची नाही, हे मी परत सांगतो. कारण आपण 'हरभऱ्याला दोन पाणी दिलं' म्हणतो. शेतकऱ्याच्या घरातलं लेकरू लगेच म्हणणार, सर पाणी तर मोजता येतंय. बरोबरच आहे त्याचं, तिथं पाणी म्हणजे पाणी देण्याची पाळी. इंग्रजीत तिथं वॉटर शब्दच येत नाही, 'आय इरिगेटेड द क्रॉप ट्वाइस' असं काहीतरी म्हणावं लागतं. उलट 'दोन चहा' इंग्रजीतही चालतंय, हॉटेलात 'टू टीज प्लीज' म्हणतात, म्हणजे दोन कप. तेव्हा कप मनात धरलेला असतो. कागद आणि पेपर हेही असंच, कागद या अर्थी 'पेपर' ढीग, पण वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा पेपर म्हणलं की मोजायचा, 'हाऊ मेनी पेपर्स आर लेफ्ट' हे बोर्डाच्या परीक्षेत बरोबरच.

यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'टाइम'. इथं मराठी आपल्याला फसवत नाही, उलट मदत करते, आणि हे मला कुठल्या गाइडमध्ये दिसलं नाही म्हणून मुद्दाम सांगतो. आपल्याकडं वेळ आणि वेळा असे दोन शब्द आहेत. 'किती वेळ लागला' आणि 'किती वेळा सांगितलं'. वेळ म्हणजे ढीग, 'हाऊ मच टाइम'. वेळा म्हणजे मोजायच्या, 'हाऊ मेनी टाइम्स'. काना दिसला की मेनी. एवढं सांगितलं की परत कुणी चुकत नाही.

एक्स्पिरियन्सचंही तसंच दुहेरी आहे आणि मुलाखतीत हमखास लागतंय. नोकरीचा अनुभव ढीग, 'आय हॅव टू इयर्स ऑफ एक्स्पिरियन्स'. आयुष्यात आलेले वेगवेगळे अनुभव मोजायचे, 'आय हॅड मेनी गुड एक्स्पिरियन्सेस'. नोकरीच्या प्रश्नाला 'मेनी एक्स्पिरियन्सेस' म्हणलं की ऐकणाऱ्याला वाटतंय हा आता किस्से सांगणार.

आणि जनावरं. 'कॅटल' शब्दाला एस लागत नाही म्हणून लेकरं त्याला ढीग समजून 'मच कॅटल' लिहितात. कॅटल, पीपल, पोलीस हे तिन्ही कायम अनेकवचनी, म्हणून मेनी आणि क्रियापद 'आर'. 'मेनी कॅटल आर ग्रेझिंग'. देवणी किंवा लाल कंधारी गुरं मोजून सांगायची असतील तर 'ट्वेंटी हेड ऑफ कॅटल', आणि तिथं हेडला पण एस नाही.

आता तो 'अ'

फ्यू आणि अ फ्यू, लिटल आणि अ लिटल. पुस्तकात लिहिलेलं असतं की एक नकारार्थी आणि एक सकारार्थी, आणि लेकरू परीक्षेपर्यंत विसरून जातंय की कुठला कुठला. याला मराठीतच उत्तर आहे, आपला 'च'.

'थोडंच पाणी आहे' आणि 'थोडं पाणी आहे' यातला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. थोडंच म्हणलं की तोंड आपोआप पडतं, म्हणजे पुरणार नाही, जपून वापरा. थोडं आहे किंवा थोडंफार आहे म्हणलं की धीर वाटतो, म्हणजे निदान चहापुरतं तरी निघेल. तर 'च' असला की 'अ' नाही, 'च' नसला की 'अ' आहे. थोडंच, 'लिटल वॉटर'. थोडंफार, 'अ लिटल वॉटर'. थोडीच लेकरं आली, 'फ्यू स्टुडंट्स केम', म्हणजे सर नाराज आहेत. थोडीफार लेकरं आली, 'अ फ्यू स्टुडंट्स केम', म्हणजे चला तास घेऊ. वाक्य आधी मराठीत मोठ्यानं म्हणायचं आणि 'च' येतोय का ते कानानं ऐकायचं, बस. आधी मी मराठीतल्या नामाकडं बघू नका म्हणलो आणि आता मराठीचा आधार घ्या म्हणायलोय, यात विसंगती वाटू देऊ नका. नाम मोजायचं की नाही हे इंग्रजी ठरवते, पण तुम्हाला म्हणायचं काय आहे हे मराठीच ठरवणार.

त्या पोरीचं वाक्य आता बघा. ती मनात 'थोडंफार येतं' म्हणत होती, 'च' नव्हता, म्हणून 'अ लिटल नॉलेज' पाहिजे होतं. मुलाखतीसाठी मी तर म्हणतो लिटलच्या वाटेलाच जाऊ नका, काम करता येतंय तर 'आय हॅव अ गुड वर्किंग नॉलेज ऑफ टॅली' म्हणा. सहा महिने बिलं केलेल्या पोरीनं थोडंफार तरी का म्हणायचं. आपल्याकडच्या लेकरांना स्वतःबद्दल कमी करून सांगायची सवय आहे, मोठ्यांसमोर ते शोभतंही, पण त्यात हा 'अ' राहिला तर कमीचं शून्य होतंय.

तिसरं रूप 'द फ्यू' आणि 'द लिटल'. परीक्षेत हमखास येतंय, आणि यालाही आपल्याकडं तयार शब्द आहे, 'होतं नव्हतं तेवढं'. 'होते नव्हते तेवढे पैसे बियाण्यात गेले', 'द लिटल मनी ही हॅड वॉज स्पेंट ऑन सीड्स'. थोडंच होतं पण होतं तेवढं सगळं, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत.

दोन खड्डे मात्र लक्षात ठेवा. 'ओन्ली अ फ्यू' मध्ये 'अ' दिसला तरी अर्थ थोडेच असा होतो, ओन्ली म्हणजेच आपला 'च'. आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे थोडे नाहीतच, बरेच. ऐकायला फ्यू आहे म्हणून आमच्या एका पोराला कुणीतरी 'क्वाइट अ फ्यू पीपल आर कमिंग' असं कळवलं आणि त्यानं दहा जणांचा नाश्ता सांगितला, आले पन्नास. हे एवढं तरी पाठ करा.

'कमी'ला दोन शब्द

इथं मी फार वेळ घालवत नाही. मोजायच्याला फ्यूअर, ढिगाला लेस. फ्यूअर स्टुडंट्स, लेस रेन. फ्यूअर बसेस, लेस ट्रॅफिक. परीक्षेत असंच लिहा. बोलताना इंग्रजही 'लेस पीपल' म्हणतात, आणि हा नियम तसा फार जुना पण नाही, 1770 मध्ये एका लेखकानं फ्यूअर जास्त बरं वाटतं अशी फक्त आवड लिहिली होती, पुढं लोकांनी त्याचा नियम केला. म्हणून ऐकताना कुणी लेस म्हणलं तर त्याला अडाणी समजू नका.

एक मात्र समजून घ्या. पैसे, अंतर, वेळ, वजन यांच्या आकड्याबरोबर लेसच येतंय. 'लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज', 'लेस दॅन टेन किलोमीटर्स', 'लेस दॅन टू इयर्स'. रुपये तर मोजता येतात ना सर, हो, पण तिथं आपण एकेक रुपया मोजत नाही, सगळी मिळून एक रक्कम बघतो. म्हणूनच क्रियापदही एकवचनी, 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ'. आपण 'पाचशे रुपये लई झाले' म्हणतो ना, त्या सवयीनं 'आर' येतंय तोंडात.

अमाउंट आणि नंबरचं तेच, ढिगाला 'अ लार्ज अमाउंट ऑफ', मोजायच्याला 'अ लार्ज नंबर ऑफ'. आणि 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' ला 'आर', 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' ला 'इज'. पहिल्यात आपण लेकरांबद्दल बोलायलोय, दुसऱ्यात आकड्याबद्दल, आकडा एकच असतो. सम आणि एनीचं प्रमाण चुकांमध्ये कमी आहे, दोन्ही दोन्हीकडं चालतात, फक्त पाहुण्याला चहा विचारताना प्रश्न असला तरी 'वुड यू लाइक सम टी', एनी म्हणलं की चहा आहे की नाही अशी शंका वाटते.

स्पर्धा परीक्षेवाल्यांनो, अजून तीन जागा जिथं तुमचे मार्क जातात. 'वन ऑफ द' नंतर नाम कायम अनेकवचनी, 'वन ऑफ द स्टुडंट्स', आणि क्रियापद एकवचनी. 'मेनी अ' नंतर नाम एकवचनी आणि क्रियापदही एकवचनी, 'मेनी अ फार्मर हॅज लॉस्ट हिज क्रॉप', अर्थ मात्र कित्येक शेतकरी. आणि 'मोस्ट ऑफ स्टुडंट्स' असं काही नसतं, एकतर 'मोस्ट स्टुडंट्स' नाहीतर 'मोस्ट ऑफ द स्टुडंट्स', ऑफ आला की द किंवा माय, दीज असं काहीतरी लागतंय.

एक वाक्य दुरुस्त करून दाखवतो

नववीतल्या एका लेकराच्या वहीतलं आहे, शाळेबद्दल निबंध. 'देअर इज लेस स्टुडंट्स इन माय क्लास बिकॉज अ फ्यू बसेस कम टू अवर व्हिलेज अँड टीचर गिव्ह अस मेनी होमवर्क्स.' मी लाल पेन घेतलाच नाही, त्याला शेजारी बसवलं आणि म्हणलं आधी फक्त नामांखाली रेघ ओढ. स्टुडंट्स, बसेस, होमवर्क्स. आता टू लावून बघ. टू स्टुडंट्स लागलं, टू बसेस लागलं, टू होमवर्क म्हणताना ते स्वतःच थांबलं आणि एस खोडला. मग म्हणलं आता तुझं 'कमी', 'थोडे' आणि 'खूप' बघ. स्टुडंट्सला लेस नाही चालणार, फ्यूअर. होमवर्कला मेनी नाही, 'अ लॉट ऑफ'. बसला त्यानं अ फ्यू लिहिलेलं, मी विचारलं गावात बस किती येतात, ते म्हणलं 'सर सकाळी एक अन् संध्याकाळी एक, तीबी कधी येतीय कधी नाही'. मग हे थोड्याफार की थोड्याच? 'थोड्याच.' मग अ काढ. त्यानं अ काढला आणि म्हणलं, 'सर आता खरं झालं.' शेवटी क्रियापद, स्टुडंट्सला इज चं आर आणि टीचरला गिव्ह्ज.

क्रम हाच ठेवायचा, आधी नाम, मग मोजमापाचा शब्द, मग च ऐकायचा, सगळ्यात शेवटी क्रियापद. क्रियापदापासून सुरुवात केली की परत गुंता होतोय, माझा अनुभव आहे. घरी सरावाला वेगळं काही लागत नाही, मी बाजाराची यादी आणायला सांगतो. कुंथलगिरीचा खवा मच आणि तिथलेच पेढे मेनी, वसमतची हळद मच आणि हळदीच्या पिशव्या मेनी, जालन्याचं स्टील मच आणि सळया मेनी, मोसंबी मेनी पण मोसंबीचा ज्यूस मच. आई यादी सांगते तेव्हा शेजारी मच-मेनी लिहायचं, पंधरा दिवसांत हात बसतो.

आणि एवढं करूनही बोलताना ऐन वेळी सुचलं नाही तर थांबू नका, 'अ लॉट ऑफ' वापरा, ते ढिगालाही चालतं आणि मोजायच्यालाही. 'अ लॉट ऑफ वॉटर', 'अ लॉट ऑफ पीपल'. होकारार्थी वाक्यात तर मचपेक्षा तेच बरं वाटतं, 'आय हॅव मच मनी' असं कुणी बोलत नाही, मच हा प्रश्नात, नकारात आणि 'टू मच', 'सो मच' अशा जोडीत शोभतो. फक्त क्रियापद पुढच्या नामाप्रमाणं, वॉटरला इज, पीपलला आर. प्रश्नात मात्र ही सोय नाही, हाऊ च्या पुढं 'अ लॉट ऑफ' येत नाही, तिथं मच की मेनी हे ठरवावंच लागतंय, म्हणून सराव करताना वाक्यांपेक्षा प्रश्न जास्त करा. ती रेणापूरची पोरगी सध्या रोज रात्री मला व्हॉट्सअॅपवर पाच प्रश्न लिहून पाठवतीय, सगळे 'किती'चे, काल तिनं एक पाठवलाय: 'हाऊ मेनी टाइम्स शुड आय ट्राय?'